ओढ्याच्या पलीकडे

निपाणीत पाऊस येतो तो बेताने. आधी स्तवनिधीच्या डोंगरावर ढग उतरतात, तवंदी घाटात दिवसाढवळ्या वाहनांचे दिवे लागतात आणि मग एखाद्या दिवशी जवाहर तलाव भरून सांडव्यावरून पाणी वाहू लागल्याची वार्ता गावभर होते. संध्याकाळी कुटुंबेच्या कुटुंबे छत्र्या घेऊन तो सोहळा पाहायला जातात. आम्हा डॉक्टरमंडळींना मात्र पावसाची वर्दी निराळ्या वाटेने मिळते. दम्याचे जुने रुग्ण परतू लागतात, जुलाब-उलट्यांनी मलूल झालेली मुले येतात, तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या आणि विड्या वळणाऱ्या भगिनी महिनोन्महिने अंगावर काढलेला खोकला घेऊन बाकावर बसलेल्या दिसतात. त्यामुळे पावसाळा पाहावा कसा आणि कुठे, याचा विचार करण्याची सवड मिळेपर्यंत पावसाळा संपत आलेला असतो.

गेल्या वर्षीही तसेच झाले. गणपती झाले, साथी ओसरल्या आणि सप्टेंबरच्या अखेरीस एका रविवारी आम्ही आठ जणांनी दवाखान्यांना कुलूप लावले. निपाणीचे पाच, बेळगावचे तीन. त्यांतील सर्वांत तरुण डॉक्टर पन्नाशीचा. उरलेल्यांच्या खिशात रुमालाबरोबर रक्तदाबाच्या गोळ्या. माझा महाविद्यालयीन मित्र तर दोनच वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट घालून आलेला. बेत असा होता की बेळगावहून जांबोटीमार्गे कणकुंबीच्या जंगलात जायचे, धबधबे पाहायचे आणि परतीच्या वाटेवर राकसकोपच्या जलाशयाकाठी शिदोरी सोडायची. या बेतामागे माझा स्वतःचा एक हेतू होता. तो मी त्या दिवसापर्यंत एका मित्रावाचून कुणापाशी बोललो नव्हतो.

दोन समुद्रांचा पाऊस

निपाणी ते बेळगाव हे पाऊणशे किलोमीटर आता सहज सरतात. संकेश्वर, हत्तरगी मागे पडले, वंटमुरीचा घाट चढला की हवा बदलते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फुटांवर. तेथील हवेत एक निवांत गारवा आहे. पिरनवाडी आणि किणये ओलांडून चोर्ला घाटाच्या रस्त्याला लागलो तेव्हा दोन्ही बाजूंची भातशेते पोसवू लागली होती. जांबोटीला चहा आणि गरम भजी झाली. तेथून पुढे मात्र शेते मागे राहतात आणि रान रस्त्यावर ओणवते.

बेळगाव शहरात वर्षाकाठी साधारण बारा-तेराशे मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून पंचेचाळीस किलोमीटरवरच्या कणकुंबीच्या टापूत तो त्याच्या कितीतरी पट. याच भागातील आमगावात २०१० साली दहा हजार मिलिमीटरहून अधिक पावसाची नोंद झाली होती. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीच्या कड्याला धडकतात, वर चढतात, थंड होतात आणि माथ्यावरच रिते होतात. पूर्वेकडे सरकेपर्यंत त्यांच्यात फारसे काही उरत नाही. म्हणून घाटमाथ्यावर छत्री टिकत नाही आणि तासाभराच्या अंतरावरचा शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसतो.

कणकुंबीला माउली देवीचे प्राचीन स्थान आहे आणि तेथेच मलप्रभेचा उगम मानला जातो. देवळापाशी उभे राहिले की भूगोलाचा एक नवलाचा धडा समोर येतो. येथे उगम पावणारी मलप्रभा पूर्वेला वळते. हब्बनहट्टीच्या मारुतीला पावसाळ्यात स्नान घालते, सौंदत्तीजवळ नवीलुतीर्थाच्या धरणात थांबते आणि तीनशे चार किलोमीटरांचा प्रवास करून बसवेश्वरांच्या कूडलसंगमाला कृष्णेत मिळते. म्हणजे अखेर बंगालच्या उपसागरात. पण याच पठाराच्या दुसऱ्या उतारावर पडलेला थेंब म्हादईच्या खोऱ्यात उतरतो. म्हादईचा उगम खानापूर तालुक्यातील देगावच्या रानातला. तीच पुढे मांडवी होऊन पणजीपाशी अरबी समुद्राला भेटते. दोन थेंब एका ढगातून, हातभर अंतरावर पडावेत आणि त्यांनी दोन समुद्रांची वाट धरावी, हे पाहिले की मन गंभीर होते.

माणसांना मात्र या पाण्याची वाटणी करावी लागते. कळसा नाल्याचे पाणी मलप्रभेकडे वळवावे की नाही, यावरून कर्नाटक आणि गोवा यांच्यात वर्षानुवर्षे वाद चालू आहे. म्हादई जलतंटा लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये निवाडा देऊन गोव्याला २४, कर्नाटकाला १३.४२ आणि महाराष्ट्राला १.३३ अब्ज घनफूट पाणी ठरवून दिले. तरीही वाद मिटलेला नाही. आपण सीमाभागातील माणसे वाटण्यांच्या वेदना जाणतो. तेव्हा त्यावर अधिक न लिहिता पुढे चालावे हे बरे.

चिखलेचे धबधबे

या टापूत धबधबे किती, याची मोजदाद करणे कठीण. म्हादईच्या प्रवाहावरचा वज्रपोहा, गोव्याच्या हद्दीतील सुर्ल्याच्या पठारावरून समोरच्या कड्यावर दिसणारा सुर्ला आणि चिखले गावाजवळचे धबधबे ही त्यांतील ठळक नावे. ऐन जुलै-ऑगस्टात या वाटा वन विभागाने अलीकडच्या वर्षांत पर्यटकांसाठी बंद ठेवल्या आहेत आणि ते योग्यच आहे. आम्ही नाक्यावर रीतसर नोंद केली, शुल्क भरले आणि गावातला एक तरुण वाटाड्या सोबत घेतला. पंचविशीचा, अंगाने काटक, पायात साध्या प्लॅस्टिकच्या चपला. आमच्या पायांतील महागड्या बुटांकडे पाहून तो किंचित हसला, इतकेच.

गावापासून पायवाट आधी सड्यावरून जाते. जांभा दगडाचा तो उघडा सडा उन्हाळ्यात भाजून निघतो. पण सप्टेंबरात त्यावर निळ्या-जांभळ्या फुलांचा गालिचा अंथरलेला असतो. ‘सीतेची आसवे’ हे त्या इवल्याशा फुलांचे नाव ज्याने ठेवले त्याला नमस्कार असो. सडा संपला की जंगल. अंजनी, जांभूळ, हिरडा, ऐन, किंजळ आणि खाली कारवीची दाटी. वर उजेड, खाली संधिप्रकाश. दूर कुठेतरी पर्वत कस्तुराची शीळ ऐकू येत होती. एखादे पोर नादात शीळ घालत शाळेला निघाले आहे असे वाटावे अशी.

आणि मग आवाज. धबधबा दिसण्याआधी तो ऐकू येतो, ऐकू येण्याआधी तळपायांना जाणवतो. झाडी बाजूला सारून आम्ही कड्याशी आलो आणि बोलणे आपोआप थांबले. समोर खोल दरी, पलीकडच्या भिंतीवरून एक नव्हे, अनेक धारा. काही रुंद आणि घोषयुक्त, काही इतक्या बारीक की वाऱ्याने मध्येच वळवाव्यात आणि खाली पोहोचण्यापूर्वीच त्यांचे धुके व्हावे. ढग खालून वर येत होते. क्षणात दरी पांढऱ्या पडद्याआड जाई, क्षणात पुन्हा उघडी होई. आमच्यातील एक ज्येष्ठ भूलतज्ज्ञ, जे आयुष्यभर इतरांना झोपवीत आले, ते म्हणाले, “आज कुणीतरी मला जागे केले.”

याच रानात, थोडे दक्षिणेला, भीमगड आहे. शिवकालीन किल्ल्याचे नाव मिरवणारे १९० चौरस किलोमीटरचे हे अभयारण्य २०११ साली जाहीर झाले. तेथील बारापेडे गुहांत एक दुर्मीळ वटवाघूळ राहते. रॉटन या इंग्रज निसर्ग-अभ्यासकाच्या नावाने ते ओळखले जाते आणि कित्येक दशके जगात ते फक्त येथेच आढळते अशी समजूत होती. पुढे मेघालयात आणि कंबोडियातही ते सापडले. परंतु इतकी मोठी ठेव आपल्या दारात असूनही आपल्यातील बहुतेकांना तिचा पत्ता नाही, हेही खरे.

रम्य वर्णनात एक रक्तरंजित प्रकरणही आहे. जळवांनी आमची यथेच्छ मेजवानी केली. इतरांचे रक्त दहा-वीस मिनिटांत थांबले. माझ्या स्टेंटधारी मित्राचा मोजा मात्र संध्याकाळपर्यंत लाल होत राहिला. जळवेच्या लाळेतील हिरुडिन आणि त्याच्या पोटातील अ‍ॅस्पिरिन व क्लोपिडोग्रेल यांची अशी युती जमली की आठ डॉक्टर मिळून एका जळवेपुढे हतबल झाले. “एवढी वर्षे आपण रक्त पातळ करण्याची औषधे लिहितो; हिने कोणत्या विद्यापीठाची पदवी घेतली आहे?” असे तो म्हणाला आणि रान हसण्याने भरून गेले.

हस्ताचा पाऊस

दुपारी परत फिरलो. वाटेत एक ओढा लागतो. सकाळी तो आम्ही घोटाभर पाण्यातून, एकमेकांची छायाचित्रे काढीत ओलांडला होता. आता ओढ्याशी येताच आमचा वाटाड्या हात आडवा करून थांबला.

“थांबा जरा, साहेब.”

आमच्या डोक्यावर ऊन होते. ओढ्यात पाणी सकाळपेक्षा फार तर वीतभर अधिक. पन्नाशीचा आमचा तरुण मित्र म्हणाला, “अरे, एवढे तर नळाचे पाणी असते! चला.” आणि मोबाईल उंचावून तो दगडावर पाय ठेवू लागला. वाटाड्याने सरळ त्याचे मनगट धरले. डॉक्टरांचे मनगट धरण्याची पाळी सहसा कुणावर येत नाही. मित्राला राग आला. तो काही बोलणार इतक्यात वाटाड्याने वरच्या अंगाला बोट दाखवले. पाण्याचा रंग बदलत होता. स्वच्छ धारेत तांबूस रेघ मिसळत होती. पाठोपाठ पानकचरा, काटक्या, एक मोडकी फांदी. दहा मिनिटे झाली नसतील, सकाळी ज्या दगडांवर आम्ही बसलो होतो ते दगड दिसेनासे झाले. ओढ्याचा आवाज खळखळीतून घरघरीत उतरला. डोंगराच्या पलीकडे, आम्हाला न दिसणाऱ्या सड्यावर, हस्ताचा पाऊस कोसळला होता.

यामागचे शास्त्र सोपे आहे. चार महिन्यांच्या पावसाने माती आणि जांभा दगड तुडुंब भिजलेले असतात. नवे पाणी मुरायला जागा नसते. उघड्या सड्यावर पडलेली जोरदार सर मग सारीच्या सारी ओढ्यात उतरते. धबधब्याखालच्या माणसाला वरचा पाऊस दिसतही नाही आणि पाण्याच्या आवाजात ऐकूही येत नाही. पाण्याचा रंग बदलणे, पानकचरा वाहून येणे आणि आवाज जड होणे, ही तीन लक्षणे. रोगनिदानात आपण लक्षणांवर विश्वास ठेवतो. येथे मात्र आठ पदवीधर डोळे उघडे ठेवून ती पाहू शकले नाहीत.

आमचा तरुण मित्र खडकावर बसून राहिला. काही वेळाने त्याने वाटाड्याची क्षमा मागितली. मी मात्र त्या दोघांकडे पाहत नव्हतो. माझा स्टेंटधारी मित्र माझ्याकडे पाहत होता आणि मी त्याच्याकडे. आम्हा दोघांच्या डोळ्यांपुढे १९८७ चा जुलै उभा होता.

१९८७

गावाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. याच टापूतले, असाच एक ओढा मध्ये असलेले. मी नुकताच निपाणीत दवाखाना थाटला होता; मित्र बेळगावात प्रसूतिशास्त्र विभागात निवासी डॉक्टर होता. एका रविवारी मोटारसायकलवरून आम्ही पावसात धबधबा पाहायला आलो. माझी नवीकोरी कातडी बॅग मी त्या काळी कुठेही बरोबर नेत असे. खरे सांगायचे तर तिची गरज म्हणून कमी आणि ऐट म्हणून अधिक.

परतताना ओढ्याशी हाका ऐकू आल्या. पलीकडच्या काठावर चार माणसे उभी होती. बांबूला घोंगडी बांधून केलेली डोली त्यांच्या खांद्यांवर होती आणि तिच्यात एक बाई. आदल्या रात्रीपासून अडलेली पहिलटकरीण. मधे पंचवीस-तीस हात रुंदीचे तांबडे पाणी. अलीकडच्या काठावर तिचा सासरा. वाहन शोधायला तो पहाटेच अलीकडे आला होता आणि आता त्याला घरच्यांकडे परत जाता येत नव्हते.

मी बॅग उचलली. म्हातारा म्हणाला, “डॉक्टर, पाणी उतरू दे.”

मी म्हणालो, “तोवर ती मरेल.”

त्या वाक्याचा मला पुढे अनेकदा पश्चात्ताप झाला. ज्याची सून पलीकडे होती त्याला मी ते ऐकवले होते. मी पाण्यात शिरलो. गुडघा, मांडी, मग पायाखालचा दगड फिरला आणि मला काही कळेनासे झाले. किती लांब वाहत गेलो ते आठवत नाही. एका आडव्या पडलेल्या झाडाच्या फांदीत अडकलो, म्हाताऱ्याने अंगावरची घोंगडी फेकली आणि त्या दोघांनी मला काठावर ओढले. बॅग गेली. तिच्यात रक्तदाबाचे यंत्र होते, सिरिंज होत्या, गर्भाशय आवळणारी इंजेक्शने होती. म्हणजे पलीकडे पोहोचलो असतो तरी आता माझ्या हाती काहीच नव्हते.

त्यानंतर आम्ही अडीच तास काठावर उभे होतो. माझा मित्र तोंडाशी हात धरून ओरडत होता, “तिला डाव्या कुशीवर ठेवा!” ओढ्याच्या आवाजात ते पलीकडे पोहोचत नव्हते. तीस हातांवर रुग्ण, दोन डॉक्टर आणि काहीही करता येत नाही. पाच वर्षे पुस्तकात शिकलो ते सारे त्या तीस हातांपुढे थिटे होते.

पाणी उतरले तेव्हा माणसांनी हातांची साखळी केली आणि डोली डोक्यावरून अलीकडे आली. खडीच्या एका ट्रकने आम्ही बेळगावला पोहोचलो. बाई वाचली. बाळ वाचले नाही.

रात्री रुग्णालयाच्या व्हरांड्यात म्हातारा भिंतीला टेकून बसला होता. मी त्याच्यासमोर उभा राहिलो. बोलण्यासारखे काही नव्हते. तोच म्हणाला, “एक गेलं. तुम्ही पाण्यातून आला नसता तर दोन गेली असती.” त्याने मला चहा दिला. त्याची सून वरच्या मजल्यावर शुद्धीवर येत होती आणि तो मला चहा देत होता.

आज काय आहे?

ओढा उतरायला सव्वा तास लागला. तेवढ्या वेळात मी ही हकिकत प्रथमच सर्वांना सांगितली. वाटाड्या ती शांतपणे ऐकत होता. मी त्याला विचारले, “आता असे होत नाही ना?”

तो म्हणाला, “आमच्या ओढ्यावर साकव झालाय, साहेब. पण आतल्या गावांना नाही. आतल्या बायका आठवा लागला की पावसाआधीच पाहुण्यांकडे जातात. खानापूरला, बेळगावला, ज्यांचं जिथं कोण असेल तिथं. माझी वहिनी तीन महिने मावशीकडं होती. भाताची लावणी तिच्याशिवायच झाली.”

“आणि ज्यांचे कुणी नाही?”

तो काही बोलला नाही.

हे केवळ एका वाटाड्याचे सांगणे नव्हे. जुलै २०२४ मध्ये आमगावच्या एका आजारी महिलेला गावकऱ्यांनी लाकडी डोलीवरून चिखलवाटेने, ओढे ओलांडीत रुग्णवाहिकेपर्यंत खांद्यावरून आणल्याची बातमी आपण सर्वांनी वाचली आहे. माझ्या १९८७ नंतर सदतीस वर्षांनी! प्रश्न सोपा नाही. अभयारण्यात रस्ते आणि पूल बांधले तर रान तुटते, प्राण्यांच्या वाटा तुटतात. न बांधले तर माणसे तुटतात. भीमगडातील तळेवाडीच्या कुटुंबांनी प्रत्येकी पंधरा लाख रुपयांच्या मोबदल्यात स्थलांतर करण्याची प्रक्रिया २०२५ साली सुरू झाली. ज्यांना जायचे आहे त्यांनी सन्मानाने जावे. ज्यांना राहायचे आहे त्यांच्यापर्यंत औषध पोहोचावे. कोणता मार्ग बरोबर, हे ठरविण्याचा अधिकार त्या गावांचा. परंतु निर्णय होईपर्यंत दरवर्षी पावसाळा येणार आहे.

राकसकोपच्या काठी

परतीच्या वाटेवर मुख्य रस्ता सोडून आतल्या गावांतून राकसकोपला पोहोचलो तेव्हा ऊन कलले होते. मार्कंडेय नदीवरचा हा जलाशय म्हणजे बेळगावकरांची जुनी पाणपोई. त्याची पूर्ण पातळी २४७५ फूट. जून-जुलैत वृत्तपत्रांतून रोज छापून येणारा तो आकडा बेळगावच्या गृहिणींना तोंडपाठ असतो. किती फूट उरले यावर नळाला पाणी किती दिवसांआड येणार ते ठरते. जवळचे तुडये गाव महाराष्ट्रात, धरण कर्नाटकात. पाण्यावर मात्र कुठेही रेघ नव्हती. तो शांत आरसा होता. पलीकडचे डोंगर त्यात उलटे उभे होते. दिवसभर जे पाणी गर्जताना पाहिले, तेच येथे मांडीवरच्या मुलासारखे निजले होते.

हीच मार्कंडेय पुढे गोडचिनमलकीला कड्यावरून उडी घेते आणि गोकाकजवळ घटप्रभेला मिळते. घटप्रभा कृष्णेला. आमच्या निपाणीजवळची वेदगंगाही दूधगंगेच्या हाती हात देऊन कृष्णेलाच. शिदोरी सुटली, भाकरी-पिठले आणि ठेचा वाटला गेला, आणि पाण्याकडे पाहता पाहता माझ्या मनात आले की आपण शहरातली माणसे तोटी फिरवतो तेव्हा हेच रान पितो. रान राखणाऱ्या गावांकडून आपण पाणी घेतो, धबधबा घेतो, छायाचित्रे घेतो. देतो काय? प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि, जमल्यास, पावसाळी पर्यटनाचे चार पैसे.

माझा मित्र रक्ताळलेला मोजा पिळत म्हणाला, “त्या दिवशी आपण पावसात गेलो ही चूक नव्हती. चूक ही, की आपण पावसातच गेलो. जायचे ते मे महिन्यात.”

त्या एका वाक्यावर अंधार पडेपर्यंत चर्चा झाली. तिचे सार असे. पावसाळ्यापूर्वी, मेच्या पूर्वार्धात, वाटा कोरड्या असताना त्या गावांत जायचे. सरकारी आरोग्य केंद्राच्या आणि आशाताईंच्या सहकार्याने जून ते सप्टेंबरात प्रसूत होणाऱ्या भगिनींची यादी करायची आणि ज्यांना बेळगावात वा खानापुरात नातलग नाहीत त्यांच्या शेवटच्या महिन्याच्या निवासाची सोय पाहायची. रक्तदाब, मधुमेह, दमा व अपस्मार यांच्या रुग्णांना चार महिने पुरतील इतकी औषधे द्यायची. क्षार-संजीवनीची पाकिटे घराघरांत ठेवायची. खर्च फार नाही. आपल्या एका वार्षिक स्नेहसंमेलनाच्या जेवणावळीपेक्षा कमी.

जाणाऱ्यांसाठी चार शब्द

लेख वाचून कुणाला जावेसे वाटेल, तेव्हा काही सूचना. ऑक्टोबरचा आरंभ हा काळ उत्तम. वन विभागाची परवानगी आणि स्थानिक वाटाड्या यांवाचून जाऊ नये. बंदी असेल तर ती पाळावी. प्रवाहात उतरू नये. नोव्हेंबर २०२२ मध्ये, पाऊस सरल्यावर, किटवाडच्या धबधब्यावर सहलीला गेलेल्या बेळगावच्या चार मुली बुडाल्या, हे विसरू नये. जळू ओढून काढू नये, नखाने कडेने सोडवावी. साचलेल्या पाण्यातून चालल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत ताप आल्यास लेप्टोस्पायरोसिस मनात आणावा. कारवीत व वेलींवर हिरवा चापडा बसतो. आपल्याकडील बहुगुणी सर्पविषरोधक लस नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांसाठीच आहे, चापड्यावर ती चालत नाही, हे आपल्या तरुण सहकाऱ्यांनी ध्यानी ठेवावे. आणि हिवाळ्यापासून मेपर्यंत जाणाऱ्यांनी गोचिडांपासून जपावे. १९५७ साली शिवमोगा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात ओळखला गेलेला माकडताप २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरीत आणि २०१६ मध्ये दोडामार्गात पोहोचला. तो आपल्या शेजारी आहे. काजूच्या हंगामात रानात जाणारा रुग्ण तापाने आला तर “गोचीड चावली होती का?” हा एक प्रश्न विचारण्यास पैसे पडत नाहीत.

निघताना मी वाटाड्याला ठरल्याहून अधिक पैसे देऊ केले. त्याने ठरलेले तेवढेच घेतले. म्हणाला, “पैसे नकोत, साहेब. एक कागद द्या. डॉक्टरपर्यंत पोहोचेपर्यंत आम्ही काय करायचं आणि काय करायचं नाही, ते मराठीत लिहून द्या. साप, ताप, बाळंतपण, पाण्यात पडलेला माणूस. मोठ्या अक्षरांत लिहा. आजोबांना वाचता येईल असं.”

तो कागद आता तयार आहे. आम्ही तिघांनी मिळून लिहिला. सोप्या भाषेत लिहिताना घाम फुटला. त्यातील पहिली ओळ माझ्या मित्राने घालायला लावली: अडलेल्या बाईला नेताना डाव्या कुशीवर ठेवा.

मेच्या दुसऱ्या रविवारी तो कागद आणि औषधांची खोकी घेऊन आम्ही जाणार आहोत. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी तो दिवस मोकळा ठेवावा. धबधबा त्या दिवसांत कोरडा असेल. पाहण्यासारखे काही नसेल. पण ओढा चालत ओलांडता येईल.